न बांधलेल्या घरांतून फेरफटका

घराचा नकाशा पुढ्यांत पसरला म्हणजे गवंडी त्यांतील भिंती मोजूं लागतो, घरची गृहिणी मात्र विचारते, "स्वयंपाकघरांत उभें राहिलें तर दारांत आलेला माणूस दिसेल का?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर नकाशांत असतेंही; परंतु रेघांतून तें काढून डोळ्यांपुढें उभें करण्याची विद्या फारच थोड्यांस अवगत असते. ही उणीव भरून काढण्यासाठीं हल्लीं वास्तुशिल्पकार व उद्यानरचनाकार आपल्या योजनेचा एक चित्रपट संगणकावर तयार करवितात. अद्याप न बांधलेल्या वास्तूंतून व न लावलेल्या बागेंतून प्रेक्षक जणूं स्वतःच चालत जातो, म्हणून त्यास वॉकथ्रू म्हणतात. तो कसा तयार होतो हें आमच्या विद्यार्थिवाचकांनीं, आणि घर घेण्याच्या विचारांत असलेल्या त्यांच्या पालकांनीं तर अवश्य, समजून घेण्यासारखें आहे.

ही हौस मात्र जुनी आहे. हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) हा इंग्लंडांतील उद्यानरचनाकार धनिकांच्या जमिनी पाहून त्यांच्यासाठीं तांबड्या कातड्यांत बांधलेलें पुस्तक तयार करी. त्यांतील चित्रावर कागदाची एक झडप असे. झडप मिटलेली असतां आजची उजाड जागा दिसे. ती उचलतांच तेथेंच तळें, झाडी व वळणाची वाट प्रकट होई. त्यावर विल्यम मेसन या कवीनें खोंचक शेरा मारला, कीं हा इतकीं सुरेख चित्रें काढतो कीं कागदावरचीं झाडें जमिनींत तशींच्या तशीं वाढतील असें बड्या लोकांस वाटतें. हा शेरा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याची गरज पडेल.

संगणकाच्या साह्यानें असा चित्रपट करण्याचा एक प्रारंभींचा यत्न अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे डोनाल्ड ग्रीनबर्ग व त्यांचे विद्यार्थी यांचा. सिरॅक्यूज येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या यंत्रावर रात्रीच्या रात्री जागून त्यांनीं १९७२ सालीं आपल्या विद्यापीठाच्या आवाराचा चित्रपट केला. पुढें उत्तर कॅरोलायना विद्यापीठांत संगणकशास्त्र विभागासाठीं सिटरसन हॉल ही इमारत व्हावयाची होती. फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या मंडळींनीं तिचे नकाशे संगणकांत घालून तींतून आधींच फेरी मारली, तेव्हां प्रवेशदालनाजवळची एक आडभिंत जागा कोंडते असें प्रत्ययास आलें. वास्तुशिल्पकारांनीं ती भिंत नकाशांतच हलविली. इमारत १९८७ सालीं पुरी झाली. बांधून झालेली भिंत पाडण्याचा खर्च व मनस्ताप ज्यानें सोसला आहे, त्यास या विद्येचें मोल निराळें सांगावयास नको.

काम सुरू होतें तें मॉडेलपासून. स्केचअप किंवा ब्लेंडर यांसारख्या साधनांत (यांपैकीं ब्लेंडर विनामूल्य मिळतें, हें विद्यार्थ्यांनीं टिपून ठेवावें) भिंती, पायऱ्या, जमिनीचे चढउतार हीं सर्व खऱ्या मापानें उभीं करावयाचीं. मग पृष्ठभागांस दगड, सागवान, चुना असा ज्याचा त्याचा पोत द्यावयाचा. येथें एक बारीक गोष्ट आहे. खऱ्या टेबलाची कड कितीही सरळ दिसली तरी किंचित् गोलावलेली असते, व तिच्यावर उजेडाची एक रेघ चमकते. ही गोलाई देण्यास कारागीर विसरला, कीं सारें घर पुठ्ठ्याचें भासतें.

बाग याहून अवघड. एका झाडाला हजारों पानें, आणि बागेंत शेंकडों झाडें. एवढा भार संगणकास पेलत नाहीं. म्हणून एकच झाड स्मरणांत ठेवून तेंच ठिकठिकाणीं, कोठें फिरवून, कोठें लहानमोठें करून दाखवितात. ऋतूचें भान मात्र माणसानेंच ठेवावयाचें असतें. गुलमोहर लालभडक फुललेला आणि त्याच्याच खालीं श्रावणांतलें हिरवेंगार गवत, असें चित्र मीं एकाहून अधिक वेळां पाहिलें आहे!

यानंतर कॅमेऱ्याची वाट आंखावयाची. प्रवासांतील मुख्य मुक्काम कारागीर ठरवितो. त्यांस कीफ्रेम म्हणतात, आणि मधल्या जागा संगणक भरतो. आगगाडी स्टेशनांतून हळूहळू वेग घेते व हळूहळूच थांबते, तसेंच येथें करावें लागतें. नाहींतर प्रत्येक मुक्कामीं हिसका बसतो. नवशिका कॅमेऱ्यास घारीप्रमाणें घिरट्या घालावयास लावतो. जाणता कारागीर त्यास जमिनीपासून सुमारें पांच फूट तीन इंचांवर, म्हणजे माणसाच्या डोळ्यांशीं ठेवतो, आणि माणसाच्याच पावलांनीं चालवितो.

आतां हिशेब पाहा. एका सेकंदास २५ चित्रें धरलीं तर दोन मिनिटांस ३,००० चित्रें लागतात. प्रत्येक चित्रांत उजेड कोठून येतो, कोठें आपटतो, कोठें परततो याचें गणित करण्यास दहा मिनिटें लागलीं, तर एकूण ५०० तास, म्हणजे एका यंत्रास अहोरात्र जवळजवळ एकवीस दिवस! म्हणून अनेक यंत्रांत काम वांटतात, किंवा खेळांसाठीं निघालेल्या अनरियल इंजिनसारख्या साधनांनीं तें गणित अदमासानें पण क्षणार्धांत उरकतात. प्रत्येक चित्र निरनिराळें साठवावें, हा अनुभवी लोकांचा नियम आहे. मध्येंच वीज गेली तर पुनः पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाहीं.

आतां मेसनचा शेरा आठवावा. रुंद कोनाच्या भिंगानें दहा फुटांची खोली दिवाणखान्याएवढी दिसते. आज लावावयाचें रोप वीस वर्षांचा वृक्ष होऊन डुलतें. शेजारची इमारत अदृश्य होते. आणि सूर्य नेहमीं सायंकाळचा, सोनेरी असतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १२ व्या कलमान्वयें जाहिरातींतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरल्यामुळें नुकसान झालेल्यास भरपाई मिळूं शकते, हें खरें. पण पैसे भरण्यापूर्वींच कांहीं गोष्टी विचारणें सोपें. संगणकांत गांवाचे अक्षांश-रेखांश, तारीख व वेळ घातली कीं सूर्य बरोबर आपल्या जागीं येतो. पुण्यास तो जूनच्या मध्याह्नीं किंचित् उत्तरेकडे असतो व उत्तरेची भिंतही उन्हांत येते, इतकें देखील त्यांत दिसतें. तेव्हां बिल्डरानें चित्रपट दाखविला, तर पालकांनीं त्यास विनंति करावी: कॅमेरा आमच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, झाडें लावणीच्या वयाचीं ठेवा, शेजारची इमारत पुसूं नका, आणि मे महिन्यांत दुपारीं तीन वाजतां आम्हांला स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडील खिडकीशीं उभें करा.