वरची वाट

आम्हा महालकरांचा समुद्र म्हणजे गांधीसागर, जुन्या लोकांचा जुम्मा तलाव. त्यामुळे आपाचा मुलगा मालवणहून पाण्याखालचे फोटो घेऊन आला, तेव्हा घरात कौतुक झालं. मग तो म्हणाला, ‘‘मामू, आता बुडालेल्या जहाजात शिरायचं आहे.’’ आपाच्या हातातला चहा तसाच निवला. तिनं मलाच विचारलं, ‘‘तू बीए झालास ना? सांग, या दोन्हींत फरक काय?’’

मी कवी. पाण्यावर पुष्कळ लिहिलं, पाण्यात उतरलो नाही. म्हणून वाचलं, जाणत्यांना विचारलं. जे कळलं ते सांगतो.

मालवण-तारकर्लीला पर्यटक करतात ते हौशी स्कूबा. नवख्याला प्रशिक्षक धरूनच नेतो, तेही काही मीटरच. रीतसर शिकलेल्याला पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटर आणि पुढच्या प्रशिक्षणानंतर जास्तीत जास्त ४० मीटरपर्यंत जाता येतं. पण खरा फरक खोलीचा नाही. हौशी पाणबुड्याला काही बिघडलं तर सावकाश, पण थेट वर येता येतं. ही वरची वाट जिथे बंद होते, तिथून तांत्रिक डायव्हिंग सुरू होतं.

वाट दोन प्रकारे बंद होते. एक, डोक्यावर खडकाचं किंवा लोखंडाचं छत असतं. थायलंडमधली थाम लुआंग गुहा आठवा. २०१८ साली तिथे १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते. पाणी उपसायच्या कामात मदतीला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही गेले होते. पाणी फार खोल नव्हतं, पण वर खडक होता. हवेची सिलिंडरं पोहोचवून परतताना समन गुनान हा नौदलाचा माजी पाणबुड्या तिथेच गेला. म्हणून गुहेत शिरणारे परतीची दोरी सोडत जातात, श्वासाची साधनं दुहेरी ठेवतात. हवेचा एक तृतीयांश जायला, एक यायला आणि एक अडचणीसाठी, असा त्यांचा हिशेब असतो.

दुसरं छत दिसत नाही. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. गोटी सोड्याची गोटी दाबली की फेस उसळतो ना, तसे घाईनं वर येणाऱ्याच्या रक्तात, सांध्यांत बुडबुडे होतात. माणूस लुळा पडू शकतो, जाऊही शकतो. म्हणून ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत वर यायचं, कधी तासन्‌तास. या थांब्यांचं गणित जॉन हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली मांडलं.

शिवाय तीसेक मीटरनंतर साध्या हवेची नशा चढू लागते आणि फार खोलवर तिच्यातला ऑक्सिजनही विषारी ठरतो. म्हणून खाली हेलियम मिसळलेला वायू वापरतात आणि वर येताना जास्त ऑक्सिजनची वेगळी सिलिंडरं. चुकीच्या खोलीवर चुकीची नळी तोंडात गेली, तर पाण्यातच झटके येतात.

आपानं सगळं ऐकलं. ‘‘म्हणजे पोरगा घाबरला, तरी लगेच वर येऊ शकत नाही?’’

‘‘नाही. अडचण खालीच सोडवायची. त्यासाठीच वर्षानुवर्षं शिकायचं.’’

भाच्यानं आता पहिल्या प्रमाणपत्रासाठी नाव घातलंय. सध्या आपाची परवानगी १८ मीटरपर्यंतच आहे.