शिडांच्या शर्यतीतील बोलकी निशाणे

पावसाळ्यात ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लावला’ अशी बातमी आपण वाचतो. तेवढ्यावरून मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. हौसेने शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांच्या क्लबांमध्येही निशाणांची अशीच एक भाषा आहे. तिच्यात रीतिरिवाज आहेत, तसे विज्ञानही आहे.

असा सर्वांत जुना क्लब आयर्लंडमधील कॉर्कचा, १७२० सालचा मानला जातो. मुंबईचा यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला. प्रत्येक क्लबाचे स्वतःचे, बहुधा त्रिकोणी निशाण असते. त्याला ‘बर्जी’ म्हणतात. होडीच्या मागच्या टोकाला राष्ट्राचे निशाण आणि डोलकाठीच्या टोकावर बर्जी, अशी परंपरा आहे. पहिल्यावरून देश कळतो, दुसऱ्यावरून क्लब.

डोलकाठीवरची बर्जी वाऱ्याची दिशाही दाखवते. पण कोणत्या वाऱ्याची? होडी स्थिर असेल तर खऱ्या वाऱ्याची. होडी चालू लागली की समोरून येणाऱ्या हवेची त्यात भर पडते आणि बर्जी या दोन वेगांच्या सदिश बेरजेची दिशा दाखवते. चालत्या होडीवर शीड कसे धरायचे, ते या भासमान वाऱ्यावरूनच ठरते.

शर्यतीत पंचांची निशाणे महत्त्वाची ठरतात. शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. त्यामुळे सर्व होड्या आरंभरेषेच्या मागे घिरट्या घालत असतात. सुरुवातीला ५ मिनिटे उरली की त्या वर्गाच्या होड्यांचे निशाण चढते. ४ मिनिटे उरली की दुसरे निशाण चढते. ते बहुधा निळ्यावर पांढरा चौकोन असलेले ‘पी’ असते. १ मिनिट उरले की हे दुसरे निशाण उतरते, आणि वर्गाचे निशाण उतरताच शर्यत सुरू होते. एखादी होडी आधीच रेषा ओलांडून गेली असेल, तर पांढऱ्यावर निळी फुली असलेले ‘एक्स’ निशाण चढते. तिने मागे येऊन पुन्हा सुरुवात करायची असते.

प्रत्येक इशाऱ्याबरोबर भोंगा किंवा बारही होतो. पण नियम सांगतो, की वेळ निशाणावरूनच धरावी. आवाज झाला नाही तरी तक्रार चालणार नाही. असे का? ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पंचांपासून ३४० मीटर दूर असलेल्या होडीला बार एक सेकंद उशिरा ऐकू येईल. तेवढ्यात सेकंदाला ४ मीटर वेगाने जाणारी होडी ४ मीटर पुढे जाते, म्हणजे छोट्या होडीच्या जवळजवळ लांबीइतकी! प्रकाशाला हेच अंतर कापायला सुमारे एक दशलक्षांश सेकंद पुरतो. म्हणून निशाण सर्वांना समान न्याय देते.

काही निशाणांशी जिवाचा संबंध असतो. लाल-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांचे ‘वाय’ निशाण चढले, की प्रत्येकाने तरंगण्याचे जाकीट घातलेच पाहिजे. निळ्या-पांढऱ्या चौकटींचे ‘एन’ निशाण म्हणजे शर्यत रद्द. असा इशारा दुरून चुकीचा वाचला गेला तर अनर्थ होईल. म्हणून आंतरराष्ट्रीय संकेतांच्या निशाणांत लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा हे पाचच रंग वापरतात, आणि गडद रंगाशेजारी फिका ठेवतात. आकृत्याही साध्या असतात. निरोगी डोळ्याला साधारण एक कोनीय मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा ओळखता येतो. एक किलोमीटरवर हे सुमारे २९ सेंटिमीटर होतात. यापेक्षा अरुंद पट्टे तेथून एकमेकांत मिसळून जातील.

हे शाळेत पडताळून पाहता येईल. पुठ्ठ्यावर २ सेंटिमीटर रुंदीचे लाल आणि पांढरे पट्टे एकाआड एक रंगवा. मैदानावर पुठ्ठा धरून मुलांना हळूहळू मागे जायला सांगा, आणि पट्टे दिसेनासे झाले ते अंतर मोजा. गणिताने ते ७० मीटरच्या आसपास यायला हवे. मग लालाऐवजी पिवळा रंग घ्या. पांढऱ्याशेजारी पिवळा का ठेवत नाहीत, याचे उत्तर मुले स्वतःच शोधतील.