कप्तानाचं तोंड कुठल्या दिशेला?

‘स्टार ट्रेक’मधल्या एंटरप्राइझ यानाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एकच लिफ्ट आहे आणि ती भलत्याच जागी आहे. या एका लिफ्टपायी हौशी नकाशेकार गेली पन्नास वर्षं एकमेकांशी भांडताहेत.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्यांना ती खोली आठवत असेल. गोल खोली, मधोमध कप्तान कर्कची फिरती खुर्ची, समोर भला मोठा पडदा. कर्कच्या उजव्या हाताला, जरा मागे, विज्ञान अधिकारी स्पॉक. पाठीशी संदेशवहन सांभाळणारी उहुरा. आणि डाव्या खांद्यामागे सर्रकन उघडणारं लिफ्टचं लाल दार. हाच यानाचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज हाकतात ती जागा.

यानाचा आराखडा १९६४ साली आखला गेला. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी आणि कलादिग्दर्शक मॅट जेफरीज हे दोघंही दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांवर काम केलेले. रॉडनबेरींनी काय हवं ते सांगण्याऐवजी काय नको ते सांगितलं: पंख नकोत, अग्निबाण नकोत, मागून जाळ आणि धूर नको. बाकी जेफरीज यांनी विमानवाल्याच्या डोक्यानं सोडवलं. इंजिनं प्रचंड ताकदीची, म्हणजे धोक्याची. ती माणसांपासून लांब, दांड्यांवर. दुरुस्ती आतूनच करता यावी, म्हणून बाहेरचं कवच गुळगुळीत. माणसं राहणार बशीसारख्या गोल भागात, आणि त्या बशीच्या डोक्यावर एक घुमट. घुमटाखाली ब्रिज.

लढाऊ यानाचा मेंदू असा उघड्यावर ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. शत्रूला नेम धरायला याहून सोपी जागा कुठली? शहाण्या माणसानं ब्रिज यानाच्या पोटात दडवला असता. पण ‘द केज’ या पहिल्या चाचणी भागाची सुरुवात पाहा. कॅमेरा दुरून यानाजवळ येतो, घुमटावर झेपावतो आणि आरपार आत शिरतो. आत माणसं कामात आहेत. त्या छोट्याशा घुमटात एवढी माणसं मावतात, तर सगळं यान केवढं असेल, हे प्रेक्षकाला एका शब्दाशिवाय कळतं. पुढे मालिका सुरू होताना मॉडेलवरचा हा घुमट आणखी बुटका केला गेला. घुमट लहान झाला तसं यान मोठं वाटू लागलं. त्याच सुमारास कथेतल्या खलाशांची संख्याही २०३ वरून ४३० वर गेली!

आतली मांडणी कलादिग्दर्शक पाटो गुझमान आणि जेफरीज यांच्या हातची. ब्रिजला दोन पातळ्या आहेत. मधला भाग खोलगट, तिथे कप्तान आणि त्याच्या पुढ्यात यान चालवणारे दोघं. भोवती कठडा, आणि कठड्याबाहेर उंचावर गोलाकार बसलेले बाकीचे अधिकारी. या एका पायरीनं फार मोठं काम केलं. मागचा माणूस पुढच्याच्या डोक्याआड जात नाही, आणि कर्कच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावला तरी पाठीमागे कोणाची तरी हालचाल दिसत राहते. सेटच्या भिंती कलिंगडाच्या फोडींसारख्या सुट्या होत्या. हवी ती फोड काढायची आणि तिथे कॅमेरा लावायचा. ती आपोआप उघडणारी दारंही पडद्यामागची माणसं हातानं ओढायची. या मांडणीत एक खोट मात्र आहे. कठड्याबाहेरची मंडळी कामाला बसली की त्यांची पाठ कप्तानाकडे होते, म्हणून बोलायचं तर दर वेळी खुर्ची गर्रकन फिरवावी लागते. नाटकाला ते झकास, कामाला त्रासाचं.

आता ती लिफ्ट. दार कप्तानाच्या अगदी पाठीमागे असतं, तर आत येणारा माणूस कर्कच्या डोक्यामागे झाकला गेला असता. ते डावीकडे सरकवलेलं आहे, म्हणून येणारा चटकन नजरेत भरतो. पण बाहेरच्या मॉडेलवर घुमटाच्या बरोब्बर मागे, मधल्या रेषेवर, एक नळकांडं आहे, आणि ते लिफ्टचंच असणार असं सगळेच धरून चालले. मग आतली लिफ्ट आणि बाहेरचं नळकांडं जुळेना.

१९७५ साली बॅलन्टाइन प्रकाशनानं या यानाचे बारा पानी नकाशे काढले. ते काढणारे फ्रान्झ जोसेफ हे सॅन डिएगोच्या विमान-उद्योगात मुरलेले आरेखक. त्यांनी चोख हिशेब केला: लिफ्ट नळकांड्यात बसवायची तर अख्खा ब्रिजच ३६ अंश फिरवायला हवा. त्यांनी तो फिरवला. परिणामी कप्तान यानाच्या नाकाकडे न बघता तिरका, डावीकडे बघत बसला. गणित बिनचूक, पण यानाचा कारभारी वाकडी मान करून यान हाकतोय, हे काही केल्या पटत नाही. त्यापेक्षा नळकांड्यात लिफ्ट नाहीच असं मानणं सोपं. पुढे १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात नव्यानं बांधलेल्या एंटरप्राइझच्या ब्रिजला दोन लिफ्ट दिल्या.

१९८७ च्या पुढच्या मालिकेसाठी अँड्र्यू प्रोबर्ट यांनी नवं एंटरप्राइझ आखलं: लांबी ६४२ मीटर, मजले ४२. ब्रिजलगत कप्तानाची खासगी खोली, मागच्या बाजूला खिडक्यांची बैठकीची खोली, आणि आराखड्यात चक्क शौचालयही. तेवीस वर्षांनी कोणाला तरी ते सुचलं, हे बरंच झालं.

फ्रान्झ जोसेफ यांचं कष्टाळूपण मान्य करूनही माझं मत जेफरीज यांच्या बाजूनं. त्यांचा ब्रिज माणसं दिसावीत म्हणून आखलेला होता आणि माणसं दिसली. वाटेत नकाशा चुकला तर चुकला.

लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेत जाणं झालं, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात अकरा फुटांहून लांब असं ते मूळ मॉडेल जरूर पाहा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. उजवी बाजू पाहून झाली की वळसा घालून डावीकडेही जा. चित्रीकरणासाठीच्या वायरी त्या बाजूनं बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे ती बाजू कधी पूर्ण सजवलीच गेली नाही.