एका रंगाचं स्वयंपाकघर

स्वयंपाकघराचं नूतनीकरण झालं की सगळ्यात आधी डोळ्यांत खुपतो तो फ्रिज. ट्रॉल्या नव्या, ओटा नवा, भिंतींवर मोतिया टाइल्स आणि कोपऱ्यात दारावर मोठमोठी फुलं मिरवणारा जुना लालभडक फ्रिज. पलीकडे करडं वॉशिंग मशीन, ओट्यावर काळा मायक्रोवेव्ह. फ्रिज तर अजून खणखणीत चालतोय, बर्फ जमतोय, दूध टिकतंय. नुसत्या रंगापायी तो भंगारात काढवत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "रंगवून घ्या की!"

सल्ला उत्तम आहे. नीट रंगवलेला फ्रिज खरोखर नव्यासारखा दिसतो आणि चालू यंत्र कचऱ्यात जाण्यापासून वाचतं. पण सगळ्या वस्तूंवर एकाच डब्यातला रंग मारला की त्या एकमेकींना जुळल्या, असं होत नाही. प्रत्येक वस्तूचं अंग वेगळं असतं. कोणतं अंग कोणता रंग धरतं, हे आधी पाहावं लागतं.

उपकरणांचे रंग जुळवण्याची हौस अमेरिकेत फोफावली. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिकने बाजारात आणलेला 'मॉनिटर टॉप' फ्रिज पांढराशुभ्र होता. पांढरा म्हणजे स्वच्छ, मळ लगेच दिसणारा, हे समीकरण तेव्हा पक्कं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटलं. १९५० च्या दशकात गुलाबी, फिरोजी, पिवळी स्वयंपाकघरं आली. साठ-सत्तरच्या दशकांत तांबूस तपकिरी, अ‍ॅव्होकाडोसारखा हिरवा आणि पिकल्या शेतासारखा सोनेरी हे रंग घरोघरी पोचले. फ्रिज, शेगडी, भांडी धुण्याचं यंत्र असा सगळा संच एका रंगात घ्यायचा. पुढे संचातली एखादी वस्तू बिघडली आणि तोवर तो रंग बंद पडलेला असला, की पंचाईत! कंपन्यांनी त्यावर एक झकास युक्ती काढली. भांडी धुण्याच्या यंत्राच्या दर्शनी पत्र्याला दोन बाजूंनी दोन रंग दिले. चौकटीचे स्क्रू काढायचे, पत्रा उलटा करून पुन्हा बसवायचा. रंगाचा थेंबही न वापरता यंत्राचा रंग बदलायचा. ही सोय आजच्या उपकरणांना का नसावी, असं राहून राहून वाटतं.

आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये भारतीय बनावटीचा फ्रिज आणला. त्यानंतर बराच काळ फ्रिज म्हटला की पांढरा किंवा त्याच्या आसपासचा फिका रंगच डोळ्यांसमोर येई. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या आल्या, स्पर्धा वाढली आणि पुढे दारांवर फुलंच फुलं उमलली. मरून, निळी, जांभळी. आज जे फ्रिज नव्या ट्रॉल्यांशी भांडताना दिसतात, त्यांत या फुलवाल्यांचा भरणा मोठा आहे.

आता अंगाकडे वळू. जुन्या फ्रिजच्या पत्र्यावर भट्टीत पक्का केलेला रंग असे. त्याहून जुन्या उपकरणांवर आणि आजही काही ओव्हनच्या आत पोर्सिलेन इनॅमल असतं, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसला लोखंडावर वितळवून बसवलेली काचच. नव्या फ्रिजची दारं बहुधा आधीच रंगवलेल्या किंवा वर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवलेल्या पत्र्यातून घडवतात. ही फिल्म कुठे सुटत असेल, तर तिच्यावर मारलेला रंग तिच्यासकट सुटतो. तिथे ती आधी काढूनच टाकावी लागते.

पावडर कोटिंगचा रंग फार टिकाऊ, त्यामुळे गिऱ्हाईक हमखास त्याचीच मागणी करतं. त्यात कोरडी पूड विद्युतभाराने पत्र्याला चिकटवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवतात. लोखंडी कपाटाला हे काम छान शोभतं, कारण त्याची दारं आणि फळ्या सुट्या करून भट्टीत घालता येतात. फ्रिजच्या दोन पत्र्यांमध्ये मात्र पॉलियुरेथेनचा फोम ठासून भरलेला असतो. भट्टीत तो टिकणार नाही. म्हणून फ्रिजला स्प्रे गनचाच रंग.

हे काम गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या गॅरेजात किंवा फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे होतं. त्याला आजही सर्रास 'ड्युको' म्हणतात. अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीने १९२३ मध्ये या नावाचं लॅकर आणलं आणि मोटारी रंगवून वाळवायला लागणारे आठवडे तासांवर आले. आता चांगल्या कामाला हार्डनर मिसळून वापरायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग घेतात, पण नाव ड्युकोचंच चालतं.

रंगारी कसबी आहे की नाही, हे गन हातात घेण्याआधीच कळतं. तो हँडल आणि कंपनीचं नाव उतरवतो. दाराचं रबर खाचेतून अलगद सोडवून बाजूला ठेवतो. स्टार रेटिंगचं लेबल आणि मागची मॉडेल नंबरची पट्टी टेप लावून झाकतो, कारण पुढे दुरुस्तीला तीच लागते. मग साबणाच्या पाण्याने फोडणीचा चिकट थर काढतो. हँडलभोवतीचा हाताचा तेलकटपणा डोळ्यांना दिसत नाही, पण रंग तिथूनच सुटतो. नंतर पाणी लावून पॉलिश पेपरने सगळं अंग घोटायचं, चकाकी पार मरेपर्यंत. खळग्यांत लांबी भरायची, ती वाळली की पुन्हा घोटायची. शेवटी ट्यूबलाइट आडवी धरून तिचं प्रतिबिंब पत्र्यावर सरळ पडतंय की हेलकावतंय ते पाहायचं. प्रतिबिंब हललं की लांबी कमी पडली किंवा जास्त झाली. त्यानंतर अस्तर आणि मग रंगाचे हात. पहिला हात अगदी विरळ, नुसता फवारा. घाईने जाड हात दिला तर ओघळ येतात; गन लांब धरली किंवा रंग घट्ट राहिला तर पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीसारखी खडबड येते.

घोटणं ओलंच हवं, त्याला आरोग्याचंही कारण आहे. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे हे घरबसल्या सांगता येत नाही, आणि कोरड्या घासण्याने उडालेली भुकटी लहान मुलांच्या पोटात जाऊ शकते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. म्हणून हे काम बंद स्वयंपाकघरात करू नये. नुसता रुमाल बांधून गन चालवणाऱ्या रंगाऱ्याला योग्य मास्क मिळायलाच हवा, गिऱ्हाइकाने त्यासाठी चार पैसे जास्त मोजले तरी हरकत नाही.

गाडीच्या सवयी फ्रिजला लावल्या तर आणखी एक धोका असतो. गाडीचा पोचा काढताना पत्र्याला वॉशर वेल्ड करून ओढतात. अनेक नव्या फ्रिजमध्ये गरम वायूच्या नळ्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटलेल्या असतात. बाजू कोमट लागते ती त्यामुळेच. त्यांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असू शकतो. तिथे वेल्डिंग नाही, ड्रिल नाही, हातोडा नाही. पोचा आला असेल तर लांबीच भरायची.

कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर गंज आधी येतो आणि रंग नंतर जुना होतो. फ्रिजच्या तळाची कड आणि रबराखालची पट्टी इथून सुरुवात होते. गंज मुळापासून खरवडून रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी अस्तर दिलं नाही, तर नव्या रंगाखाली फोड येतात.

आणि मग मूळ प्रश्न, जुळणीचा. पांढऱ्याला पांढरा जुळवणं सोपं वाटतं, पण तेच सर्वांत अवघड. जर्मनीत १९२७ मध्ये ४० रंगांनी सुरू झालेल्या 'राल' या प्रमाण-यादीत आज पांढऱ्याच्याच कितीतरी छटा आहेत: ९००१ सायीकडे झुकणारी, ९००२ करडी, ९०१० किंचित उबदार, ९०१६ लख्ख. शिवाय उपकरणांचं पांढरं प्लास्टिक उन्हाने आणि वयाने पिवळं पडतं, पत्रा मात्र पांढराच राहतो. त्यामुळे नमुना म्हणून हँडल नेलं तर रंग चुकलाच.

दुकानातलं यंत्र रंग मोजून फॉर्म्युला काढून देतं, तरीही फसगत होते. दोन रंगांत वेगवेगळी रंगद्रव्यं असतील, तर ट्यूबलाइटखाली ते एक दिसतात आणि खिडकीच्या उजेडात वेगळे. चकाकीचंही तसंच. रंग तोच, पण एक दार चकचकीत आणि दुसरं मॅट असेल, तर डोळा त्यांना एक मानत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच: पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून घ्यायचा, वाळू द्यायचा आणि तो स्वयंपाकघरात फ्रिजच्या जागी उभा धरून सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा पाहायचा.

प्लास्टिक रंगवायचं असेल, तर आधी त्यावरचा ठप्पा वाचावा. एबीएस लिहिलं असेल तर योग्य अस्तरावर रंग बसतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर खास अस्तराशिवाय नखानेही निघतो. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या प्लास्टिकच्या अंगाला हात लावण्याआधी हा ठप्पा शोधावाच. मायक्रोवेव्ह तर आहे तसाच राहू द्यावा. त्याच्या आत साधा रंग चालत नाही, आणि प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरू शकतो, त्यामुळे कव्हर उघडण्याचा मोह नको. शेगडीच्या बर्नरभोवती साधा रंग जळतो. गॅसचा सिलिंडर कंपनीच्या मालकीचा, त्याच्या लाल रंगाला हात लावायचाच नाही. फ्रिज आणि कपाट असे दोन मोठे पृष्ठभाग ट्रॉल्यांशी जुळले, की ओट्यावरच्या काळ्या-करड्या वस्तू फारशा टोचत नाहीत. वॉरंटी चालू असलेल्या यंत्राला मात्र गन लावू नये.

रंग तासाभरात हाताला कोरडा लागला, तरी पीयू पुरता पक्का व्हायला सुमारे आठवडा लागतो. तोवर दारावर चुंबकं नकोत, घासणी तर मुळीच नको. आणि रंगाऱ्याकडून हार्डनर न घातलेला थोडा रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत मागून घ्यावा, वर फॉर्म्युल्याची चिठ्ठी डकवावी. दाराच्या खालच्या कडेचा टवका उडाला की तो कामाला येतो.