थेंबाथेंबाने भूल

१९०६ साली अमेरिकेतल्या शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात एक लेख आला. त्यात १४ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांत दिलेल्या भुलीचा आढावा होता. भुलीमुळे दगावलेले रुग्ण: शून्य. लेखिका होत्या ॲलिस मॅगॉ, मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी मेयो या सर्जन बंधूंकडे काम करणाऱ्या नर्स.

तेव्हाची शस्त्रक्रियेची खोली डोळ्यांसमोर आणली की तो शून्य अंगावर येतो. मॉनिटर नाही, ऑक्सिजन मोजणारी बोटावरची चिमटी नाही. गॉझ ताणलेला मुखवटा आणि ईथरचा डबा, एवढाच सरंजाम. बाकी भिस्त डोळ्यांवर, कानांवर आणि नाडीवरच्या बोटावर. ईथर तर भलतं चंचल! साधारण ३५ अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेपेक्षाही खाली. गॉझवर पडताच त्याची वाफ होते आणि हवेबरोबर आत जाते. भसकन ओतलं तर घशाला झोंबतं, ठसका लागतो, रुग्ण श्वास कोंडून हातपाय झाडतो, आणि मग त्याला दाबून धरावं लागतं. मॅगॉ थेंब थेंब सोडत. वाफ इतक्या बेताने वाढे की घशाला ती झोंबण्याआधीच सवयीची होई.

आणि मॅगॉ रुग्णाशी बोलत राहत. शब्दांनी दिलेला धीर सुखाची भूल यायला मोठा हातभार लावतो, असं त्यांनी लेखांत आवर्जून मांडलं. भीतीने धपापणाऱ्या छातीत औषध मोजून कसं जाणार? आधी श्वास संथ व्हायला हवा, आणि तो त्यांच्या बोलण्याने होत असे.

भूल देण्याचं काम इतरत्र बहुधा शिकाऊ डॉक्टरच्या गळ्यात पडे. त्याचं सगळं लक्ष सर्जनच्या हातांकडे, कारण त्याला पुढे तेच व्हायचं असे. मेयोंनी ते नर्सकडे सोपवलं: आधी ईडिथ ग्रॅहम, आणि १८९३ मध्ये चार्ल्स मेयोंशी त्यांचं लग्न झाल्यावर मॅगॉ. प्रगत परिचर्येतल्या, म्हणजे जादा शिक्षण घेऊन अधिक जबाबदारीने केलेल्या नर्सिंगमधल्या, नेतृत्वाविषयी मी जे काही मानतो, ते इथेच सापडतं. खोलीतला एक माणूस फक्त रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतो. ओठांचा रंग, बाहुल्या, श्वासाची लय वाचतो. आणि त्याने ‘थांबा’ म्हटलं की हुद्द्याने मोठी माणसंही थांबतात. मॅगॉ यांनी त्यापुढे आणखी एक केलं: पाहिलेलं लिहून छापलं. बाहेरगावचे डॉक्टर त्यांची पद्धत बघायला येत.

आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात. अमेरिकेत मात्र भूल देणारी नर्स ही प्रगत परिचर्येच्या चार मान्य भूमिकांपैकी एक आहे. ती मान्यता फुकट मिळाली नाही. नर्सने भूल देणं म्हणजे विनापरवाना वैद्यकी, असं म्हणत डॅगमार नेल्सन या नर्सवर डॉक्टरांनी दावा लावला. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेल्सन यांच्या बाजूने कौल दिला; कारण दिलं ते असं की, त्या सर्जनच्या देखरेखीखाली काम करतात. निकाल महत्त्वाचा खराच, पण मला तो जरा हात राखून दिलेला वाटतो. सर्जनची नजर जखमेत गुंतलेली असताना त्या खोलीत देखरेख नक्की कोण करत होतं?