वस्ताद, प्रशिक्षक आणि आपण डॉक्टर मंडळी

कोल्हापूरच्या तालमींचा विषय निघाला की आपल्या सीमाभागातील माणसाचा ऊर भरून येतो, आणि त्याला कारणही तसेच आहे. १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे हे चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे. घडले मात्र ते कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत. राज्यपुनर्रचनेनंतर एकसंबे म्हैसूर राज्यात गेले. आखाड्याच्या मातीने ती सीमा काही मानली नाही. पुढच्याच वर्षी मोतीबाग तालमीचे गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले आणि नंतर त्याच तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी मल्लांच्या पिढ्या तयार केल्या. शाहूपुरी थोर की मोतीबाग, गंगावेस थोर की आणखी कोणती, हा वाद आमच्या लहानपणी पारावर तासन्‌तास चाले. त्या वादात पैलवानापेक्षाही वस्तादाचे नाव अधिक वेळा घेतले जाई.

हे सारे आठवण्याचे निमित्त निराळेच आहे. प्रस्तुत लेखकाचा एक वर्गमित्र बरीच वर्षे अमेरिकेतील ओहायो राज्यात वैद्यकीय व्यवसाय करतो. नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी त्याला दूरध्वनी करू नये, असा आमचा अलिखित करार आहे. तेथे दुपारचे बारा, म्हणजे हिंडलग्यात रात्रीचे साडेदहा वाजले, की ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना सुरू होतो. हा फुटबॉल आपला नव्हे. अंडाकृती चेंडू हाती घेऊन, डोक्याला शिरस्त्राण लावून एकमेकांना आडवे पाडण्याचा तो खेळ. मला तरी तो कुस्तीच्याच गोत्रातला वाटतो. कोलंबस आणि अ‍ॅन आर्बर या दोन गावांत अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, आणि दोन्ही विद्यापीठांच्या क्रीडांगणांत प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे बसतात. खेळणारी मुले अठरा ते बावीस वर्षांची, महाविद्यालयात शिकणारी.

या दोन संघांपैकी कोणाच्या प्रशिक्षकाची खुर्ची अधिक चांगली, यावर तिकडे आपल्या पारासारखाच वाद रंगतो. ओहायो राज्यात शाळकरी खेळाडूंचे पीक उदंड, आणि त्यात वाटा मागणारे तोलामोलाचे दुसरे विद्यापीठ राज्यात नाही. म्हणूनच तेथे पराभवाला सबब चालत नाही. मिशिगनला घरातच मिशिगन स्टेट हा वाटेकरी आहे. चांगली मुले त्याला शेजारच्या ओहायोतूनही आणावी लागतात. शिवाय विद्येचा अभिमान मोठा, आणि प्रशिक्षक ‘आपल्यातला’ असावा हा आग्रहही जुना. मला विचाराल तर ओहायोची खुर्ची अधिक मऊ आहे, पण तिच्या गादीखाली खिळे आहेत. जॉन कूपर या प्रशिक्षकाने तेथे शंभरावर सामने जिंकले. परंतु मिशिगनविरुद्धच्या तेरांपैकी केवळ दोन. २००१ च्या जानेवारीत त्यांना जावे लागले. रायन डे यांची गोष्ट तर अलीकडचीच. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३–१० असे हरले, लागोपाठ चौथ्यांदा, आणि त्यांना काढा अशी ओरड झाली. पुढील २० जानेवारीला त्याच संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, तेव्हा कुठे ती ओरड थांबली. आज या गृहस्थांचे वार्षिक वेतन एक कोटी डॉलरच्या वर आहे. तेवढ्या वेतनात किती ओरड सोसावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पण या दोन खुर्च्यांची खरी कथा जुनी आहे, आणि ती गुरुशिष्याची आहे. वुडी हेज १९५१ पासून १९७८ पर्यंत ओहायो स्टेटचे प्रशिक्षक होते. बो शेम्बेकलर त्यांच्या हाताखाली आधी खेळले, मग साहाय्यक म्हणून राबले. हे बो स्वतः ओहायोतील बार्बर्टन गावचे. १९६९ साली ते शत्रूच्या तालमीत, म्हणजे मिशिगनला, वस्ताद म्हणून गेले; पहिले वेतन वर्षाला एकवीस हजार डॉलर. त्याच वर्षी ओहायो स्टेटचा संघ सलग बावीस सामने जिंकून आला असता शिष्याने गुरूला २४–१२ असे हरविले. त्यानंतरच्या दशकाला तिकडे ‘दहा वर्षांचे युद्ध’ म्हणतात. त्यात शिष्याचे पाच विजय, गुरूचे चार आणि एक बरोबरी.

डॉक्टराच्या नजरेने पाहिले तर या युद्धाची किंमत दोघांच्याही शरीराने मोजली. १ जानेवारी १९७० रोजी, मोठ्या सामन्याच्या दिवशीच, बो यांना हृदयविकाराचा झटका आला. वय अवघे चाळीस. पुढे त्यांच्या दोन बायपास शस्त्रक्रिया झाल्या. हेज यांनाही १९७४ साली झटका आला, तरी ते खुर्चीवरून उठले नाहीत. २९ डिसेंबर १९७८ रोजी हरत असलेल्या सामन्यात चेंडू हिसकावणाऱ्या प्रतिस्पर्धी संघाच्या एका मुलाला त्यांनी भर मैदानात ठोसा लगावला आणि त्यांची अठ्ठावीस हंगामांची कारकीर्द एका रात्रीत संपली. बो यांचे निधन १७ नोव्हेंबर २००६ रोजी झाले. दुसऱ्या दिवशी, दोन्ही संघ अपराजित असताना, मिशिगन आणि ओहायो स्टेट समोरासमोर उभे राहिले. सामना ओहायोने ४२–३९ असा जिंकला.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख क्रीडाविषयक मासिकाला शोभला असता. आपल्या स्मरणिकेसाठी तो लिहिण्याचे कारण पुढे आहे, आणि ते लिहिताना हात जड होतो. जी दोन विद्यापीठे शंभर वर्षे एकमेकांशी झुंजली, त्यांच्यात एक साम्य निघाले, आणि ते निघाले डॉक्टरांत. ओहायो स्टेटचे क्रीडा वैद्य रिचर्ड स्ट्रॉस यांनी किमान १७७ विद्यार्थ्यांचे लैंगिक शोषण केल्याचे विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीत २०१९ साली उघड झाले. मिशिगनचे क्रीडा वैद्य रॉबर्ट अँडरसन यांच्याविषयीचा तसाच अहवाल २०२१ साली आला, आणि २०२२ च्या जानेवारीत त्या विद्यापीठाने हजाराहून अधिक तक्रारदारांना ४९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. दोन्ही डॉक्टर तोवर मरण पावले होते. बो यांना तक्रारी सांगूनही त्यांनी काही केले नाही, असे काही माजी खेळाडूंनी आणि खुद्द त्यांच्या मुलाने सांगितले. खेळण्यास पात्र असल्याची सही त्याच डॉक्टरच्या हाती. आणि संघातली जागा प्रशिक्षकाच्या. मुलाने बोलायचे कोणाजवळ?

आपल्याकडे विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला कोटी मिळत नाहीत. बेळगावची महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली असोत, की २०१० नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली. शारीरिक शिक्षण संचालक हा बहुधा एकटाच, आणि कबड्डीपासून उंच उडीपर्यंत सारे त्याच्या माथी. हरला म्हणून त्याची खुर्ची जात नाही, जिंकला म्हणून मैदान मिळत नाही. तरीही मुलाच्या दृष्टीने तो वस्तादच असतो. त्याच्यासमोर मूल ‘दम लागतो’ असे म्हणत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी चाळीसेक मुलांच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यांवर मी तासाभरात सह्या केल्या. सर शेजारीच बसले होते, चहा आला होता, मुले रांगेत होती. त्यांतला एक दम्याचा रुग्ण निघाला. मैदानातून त्याला थेट रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने तो वाचला. ‘तपासताना का नाही सांगितलेस?’ असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘सर बसले होते ना तिथे.’ दोष सरांचा नव्हता. खुर्ची मीच त्यांना दिली होती.

आता दाखले देण्यासाठी जातो तेव्हा एका वेळी एकच मूल आत घेतो, आणि सरांना चहा बाहेरच्या खोलीत पाठवतो. काहींना ते आवडत नाही. चाळीस मुलांना दोन दिवस लागतात.