दुर्मिळ रोपांचीं छाट-कलमें

पूर्वीं दाराशीं तुळस, गच्चीवर गुलाब-मोगरा आणि एखाद्या बाटलींत मनीप्लँट, एवढ्यांत मध्यमवर्गीय घराची वनश्री संपत असे. हल्लीं तसें राहिलें नाहीं. आपल्या पुंडलिकनगरासारख्या दाट वस्तींत, जेथें घरें एकमेकांस खेटून उभीं आहेत व अंगण म्हणावयास जिन्याची पायरी काय ती उरते, तेथेंही खिडकीशीं मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम अशीं परदेशी नांवें धारण करणारीं झाडें दिसूं लागलीं आहेत. यांचें मूळ स्थान म्हणजे मध्य व दक्षिण अमेरिकेंतील दमट अरण्यें. त्यांतील कांहीं जाती सहज मिळतात. परंतु ज्यांच्या पानांवर पांढरे पट्टे उमटतात किंवा ज्या मुळांतच विरळ आहेत, त्यांच्या एका तुकड्यास हौशी लोक शेंकड्यांनीं, प्रसंगीं हजारांनीं रुपये मोजतात. मुलें खाऊचे पैसे सांठवून असले तुकडे टपालानें मागवितात आणि पुष्कळदां फसतात. ही फसगत टळावी, आणि एका झाडाचीं चार झाडें घरच्याघरीं करतां यावीं, एवढ्यासाठीं हा लेख.

आमच्या एका विद्यार्थ्यानें मॉन्स्टेराचें एक मोठें पान असेंच मागविलें होतें. लांब देठ, त्यावर तळहाताहून मोठें जाळीदार पान. त्यानें देठ पाण्याच्या बाटलींत ठेविला. महिना-दीड महिन्यांत देठाच्या टोंकाशीं बारीक मुळेंही फुटलीं, तेव्हां घरांत मोठा आनंद झाला. पुढें दिवाळी गेली, संक्रांत गेली; पान हिरवेंगार होतें, मुळें लांबत होतीं; परंतु दुसरें पान कांहीं येईना. मुळें आहेत, पान आहे, पाणी आहे, मग झाड कां वाढत नाहीं?

ज्या मुलांच्या घरीं गांवाकडे ऊस आहे, त्यांना याचें उत्तर ठाऊक आहे, जरी तें आपल्याला ठाऊक आहे हें त्यांच्या ध्यानांत आलेलें नसेल. उसाची लागवड बियांनीं करीत नाहींत. उसाच्या टिपऱ्या करून त्या सरींत दाबतात. टिपरी तोडतांना शेतकरी तिची लांबी पाहत नाहीं, डोळे मोजतो. दोन डोळ्यांची टिपरी, तीन डोळ्यांची टिपरी, असाच त्याचा हिशेब असतो. उसाच्या प्रत्येक पेरावर जो लहानसा टपोरा डोळा असतो, तो म्हणजे निजलेला अंकुर होय. नुसतें कांडें, मग तें कितीही रसाळ असो, जमिनींत पुरलें तर कुजेल, उगवणार नाहीं. मॉन्स्टेराची गोष्ट हीच आहे. पानाचा देठ खोडाला जेथें चिकटतो तें पेर, आणि त्या पेराशीं, देठाच्या बगलेंत, डोळा असतो. विक्रेत्यानें देठ वरच्यावर कापून पाठविला. पेर व डोळा त्याच्याच झाडावर राहिले. त्या मुलाला मिळालें तें पान होतें, रोप नव्हे. अशीं पानें वर्ष वर्ष जगतात, परंतु वाढत नाहींत. म्हणून विकत घेतांना पानाच्या सौंदर्यास भुलूं नये. खोडाचा तुकडा दिसतो कीं नाहीं, त्यावर देठाच्या जोडाची कड दिसते कीं नाहीं, व तिच्या बगलेंत फुगीर ठिपका आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

कलम म्हटलें कीं आपल्या लोकांस आंब्याचें कलम आठवतें. हिमायत बागेंतील फळ-संशोधन-केंद्रांत जाऊन पाहिलें तर एका झाडाच्या खुंटावर दुसऱ्या झाडाची काडी कशी सांधतात तें समजेल. छाट-कलम त्याहून वेगळें. येथें दुसऱ्याच्या मुळांचा आधार नाहीं. कापलेल्या तुकड्यालाच आपलीं मुळें निर्माण करावयाचीं असतात. तीं कशीं येतात याचा उलगडा फार जुना नाहीं. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञानें १९२८ सालीं असें दाखविलें कीं, रोपाच्या कोवळ्या शेंड्यांत एक वाढ घडविणारें द्रव्य तयार होतें व तें खालच्या दिशेनें उतरतें. त्यास ऑक्सिन असें नांव आहे. खोड कापलें म्हणजे उतरतां उतरतां तें जखमेपाशीं सांचतें, आणि तेथील पेशी नव्या मुळांच्या उद्योगास लागतात. म्हणूनच फांदीचा तुकडा उलटा लावला तरी मुळें शेंड्याकडे येत नाहींत; मूळच्या बुडाकडेच येऊं पाहतात. माळी खालचा काप तिरपा व वरचा सरळ देतात, तो या दोन टोकांची ओळख बुजूं नये म्हणून. रोपवाटिकेंत मुळांची जी पूड मिळते तिच्यांत बहुधा याच द्रव्याचा एक भाऊबंद, इंडोल ब्युटिरिक आम्ल, असतो; मुळें फोडण्याचा त्याचा गुण १९३५ सालीं प्रसिद्धीस आला. गुलाब, जास्वंद अशा लांकडी फांद्यांस तिचा उपयोग होतो. मॉन्स्टेरासारख्या वेलांना मात्र तिची गरज नाहीं, कारण त्यांच्या पेरांवर हवाई मुळांचे कोंब आधींपासूनच तयार असतात. हळद, मध, दालचिनी यांच्याविषयीं पुष्कळ ऐकूं येतें. माझ्या मतें स्पिरिटनें पुसलेली धारदार सुरी या सर्वांहून अधिक उपयोगी आहे.

पेराच्या खालीं अर्धा इंच जागा ठेवून एका झटक्यांत काप द्यावा. हवाई मूळ असेल तर तें तोडूं नये. एका तुकड्यावर एक पान पुरे, फार तर दोन. कापतांना हातास चीक लागला तर खाजतें. नवल नाहीं, कारण हीं झाडें आपल्या अळूच्या व सुरणाच्या कुळांतलीं आहेत, आणि अळूप्रमाणेंच यांच्या रसांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घरांत रांगतें मूल असेल तर हीं रोपें त्याच्या हातीं लागणार नाहींत अशा उंचीवर ठेवावीं, हें पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें.

आतां खरा प्रश्न येतो तो पाण्याच्या जमाखर्चाचा. पान आपल्या सूक्ष्म छिद्रांवाटे वाफ सोडीतच असतें. पण तुकड्याला मुळें नाहींत, म्हणजे खर्च चालू आणि मिळकत बंद. मुळें येईपर्यंत हा खर्च आवरणें, एवढीच कलम करणाऱ्याची कामगिरी. त्याचा उपाय लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टराला १८२९ च्या सुमारास अकस्मात् सांपडला. पतंगाचा कोश ठेवलेल्या एका बंद बाटलींत, तळाच्या ओल्या मातींतून, नेच्याचें रोप आपोआप उगवलेलें त्यानें पाहिलें. लंडनच्या धुरकट हवेंत जें रोप त्याच्या बागेंत जगत नव्हतें, तें बंद बाटलींत सुखानें वाढत होतें. कारण पानांतून निघालेली वाफ कांचेवर थिजून पुन्हां मातींत उतरत होती. १८३३ सालीं वॉर्डनें अशा दोन कांचेच्या पेट्या रोपांनीं भरून जहाजानें सिडनीस पाठविल्या, आणि रोपें जिवंत पोंचलीं. पुढें चीनमधील चहाचीं रोपें हिमालयाच्या उतारावर आलीं तीं असल्याच पेट्यांतून. आपल्याला पेटी नको. कुंडीवर उलटी घातलेली पारदर्शक पिशवी किंवा बूड कापलेली मोठी बाटली तेंच काम करते. मात्र दिवसांतून एकदां पांच-दहा मिनिटें ती काढावी, नाहींतर बुरशी धरते. आणि तिच्यावर सरळ ऊन पडूं देऊं नये, नाहींतर आंत रोप अक्षरशः शिजतें.

आपल्या शहरीं ही काळजी मुंबई-कोंकणापेक्षां दसपट घ्यावी लागते. येथें वर्षाचा पाऊस सुमारें ७०० मिलिमीटर. चैत्र-वैशाखांत दोरीवर घातलेलें ओलें धोतर पाहतां पाहतां वाळतें. अशा हवेंत अरण्यांतील रोपाचें कोंवळें पान किती वेळ टिकणार? कूलर चालू असलेल्या खोलींत हवा कांहींशी ओलसर राहते, म्हणून तेथें रोपें बरीं दिसतात. तथापि कूलरच्या झोतासमोर त्यांना ठेवणें म्हणजे वाऱ्यावर वाळत घालणें होय. पौष-माघाच्या थंडींत मुळांची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून मृगाचा पाऊस चांगला पडून हवा ओलावली म्हणजे कलमें करावयास घ्यावीं, आणि भाद्रपदाच्या आंत तीं संपवावीं. जागा पूर्वेच्या खिडकीची, सकाळचें सौम्य ऊन पडद्याआडून येईल अशी.

पाण्याविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे. जायकवाडीच्या नाथसागरावरून येणारें नळाचें पाणी या शहरांत अनेक वर्षें कित्येक दिवसांच्या अंतरानें येत आलें आहे. त्यामुळें घरोघरीं पिंपें भरून ठेवण्याची संवय आहे. सांठविलेलें पाणी कलमांस उलट चांगलेंच, कारण त्यांतील क्लोरीन उडून जातो. कूपनलिकेचें पाणी बहुधा जड असतें. त्याचा पांढरा थर बादलीवर व कुंडीच्या कडेवर बसतो, तसाच तो पानांवरही बसतो. सर्वांत उत्तम तें पावसाचें. गच्चीवर पहिला पाऊस धुऊन गेल्यावर एक स्वच्छ बादली ठेवली कीं आठवड्याची सोय होते. परंतु जेथें जेथें उघडें पाणी तेथें तेथें डास, आणि डेंग्यू पसरविणारा डास तर बाटलीभर स्वच्छ पाण्यावरच अंडीं घालतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कलमांच्या बाटल्यांतील पाणी दर तीन-चार दिवसांनीं ओतून बाटली आंतून घासून धुवावी. मुळांसही ताजें पाणी मानवतें. ज्यांच्या हातून हें नियमित होणार नाहीं त्यांनीं पाण्यांत कलमें करूंच नयेत. ओल्या वाळूंत करावीं.

वाळूंत म्हणजे मातींत नव्हे. मराठवाड्याची काळी माती ज्वारी-कपाशीला आईसारखी, पण कलमाला वैरीण. ओली झाली कीं ती फुगते, चिकटते, तिच्यांत हवा राहत नाहीं, आणि तुकडा सडतो. नदीची जाड वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घ्यावा, त्यांत कोळशाचे बारीक तुकडे टाकावे. मुठींत दाबल्यावर दोन-चार थेंब पाणी गळावें, धार लागूं नये, इतकीच ओल ठेवावी. तीन ते सहा आठवड्यांत मुळें येतात. आलीं कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोज तुकडा उपटून बघण्याचा मोह मुलांना आवरत नाहीं. त्यांनीं पारदर्शक पेला वापरावा म्हणजे मुळें बाहेरूनच दिसतील. पाण्यांत फुटलेलीं मुळें दोन इंचांचीं झालीं कीं तुकडा कुंडींत हलवावा. अशीं मुळें नाजुक असतात, म्हणून पहिले पंधरा दिवस कुंडी कोरडी होऊं देऊं नये व खत मुळींच घालूं नये.

पांढऱ्या पट्ट्यांच्या रोपांचें गणित याहून थोडें अवघड आहे. पांढरा भाग म्हणजे ज्या पेशींत हरितद्रव्य नाहीं असा भाग. तो अन्न तयार करीत नाहीं, हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. एकाच खोडांत हिरव्या व पांढऱ्या अशा दोन वंशांच्या पेशी शेजारीं शेजारीं नांदत असतात. डोळा हिरव्या पट्ट्यांत असेल तर नवें रोप साधें हिरवें निघेल. निव्वळ पांढऱ्या पट्ट्यांत असेल तर कोंब मोत्यासारखा शुभ्र येईल आणि सांठवलेलें अन्न संपतांच मरेल. म्हणून पानावरून नव्हे, खोडावरून निवड करावी. दोन्ही रंगांच्या रेघा ज्या डोळ्यावरून गेल्या आहेत तोच तुकडा घ्यावा. पूर्ण पांढरें पान दिसावयास मोहक खरें, पण तें विकत घेणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें.

छाट-कलमाच्या आड दुर्मिळता फार काळ टिकत नाहीं. आपल्या घरोघरचा मनीप्लँट हा प्रशांत महासागरांतील मूरिया नांवाच्या एका लहानशा बेटाचा रहिवासी. त्याला फूल जवळजवळ कधींच येत नाहीं. फूल धरण्यास लागणारें जिबरेलिन नांवाचें द्रव्य त्याच्या अंगीं एका आनुवंशिक दोषामुळें तयार होत नाहीं, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. फूल नाहीं म्हणून बी नाहीं. तरी आज तो जगभर आहे, आणि तो केवळ हातोहातीं दिलेल्या तुकड्यांच्या बळावर.

असेंच एक रोप आपल्या सह्याद्रींत आहे, आणि परदेशी वेलांहून तें मला अधिक मोलाचें वाटतें. त्याचें नांव शिंदळ माकुडी. ती रानांत महाराष्ट्राच्या डोंगरकड्यांखेरीज जगांत इतरत्र कोठेंही उगवत नाहीं. शिवनेरीच्या परिसरांतील कडे हें तिचें एक प्रसिद्ध स्थान. निकोलस डॅलझेल या वनाधिकारी वनस्पतिशास्त्रज्ञानें तिचें शास्त्रीय वर्णन केलें व मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया हें नांव दिलें. मांसल खोड, पावसाळ्यांत पानें आणि पिवळ्या ठिपक्यांचें किरमिजी, तारकेसारखें फूल. कड्यावरून ती उपटून आणणें हा त्या कड्यावर दरोडाच होय, आणि त्याची गरजही नाहीं. कारण छाट-कलमानें ती सहज होते आणि त्यामुळें दूरदेशींच्या हौशी लोकांच्या कुंड्यांतही ती नांदत आहे. ज्याच्याकडे बागेंत वाढविलेली असेल त्याच्याकडून बोटभर तुकडा मागून घ्यावा. तिची रीत मात्र मॉन्स्टेराच्या उलट आहे. काप दिल्यावर तुकडा चार-पांच दिवस सावलींत उघडा ठेवून जखम वाळूं द्यावी. मग जाड वाळू व विटांचा चुरा यांत तो उभा करावा. पिशवी घालूं नये, आणि वाळू कोरडी झाल्यावांचून पुन्हां पाणी देऊं नये. आपल्या शहराची कोरडी हवा, जी परदेशी वेलांना जाचते, ती हिला मानवते. पाऊस संपला म्हणजे तिचीं पानें पिवळीं पडून गळतात व नुसतीं राखट खोडें उरतात. त्या वेळीं ती मेली असें समजून कुंडी रिकामी करूं नये. सावलींत बाजूला ठेवून अधूनमधून थोडें पाणी द्यावें, म्हणजे पुढल्या मृगाच्या सुमारास त्याच खोडांच्या शेंड्यांस पुन्हां पालवी येते.